डोळे गेले की आकाश?

वैद्यकाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात न आढळणारी एक तक्रार मी गेली काही वर्षे वारंवार ऐकत आलो आहे. रक्तदाब मोजून झालेला असतो, औषधांची चिठ्ठी लिहून झालेली असते, आणि दाराशी पोहोचलेले पंचाहत्तरीतले एखादे गृहस्थ मागे वळून म्हणतात, "डॉक्टरसाहेब, एक सांगायचं राहिलंच जी. चांदण्या दिसनं बंद झालं. डोळे गेले वाटते." सोबत आलेला मुलगा किंवा सून किंचित हसते. साखर, गुडघे, झोप हे सारे मार्गी लागत नसताना चांदण्यांचे काय घेऊन बसलात, असा त्या हसण्याचा अर्थ असतो.

मला या वाक्याचा उत्तरार्ध खटकतो. चांदण्या दिसत नाहीत, हे खरेच आहे. पण त्याचा दोष आपल्या डोळ्यांवर घ्यायला ही मंडळी फार लवकर तयार होतात. म्हातारपणी माणूस पुष्कळ गोष्टींचा दोष असा मुकाट्याने आपल्याकडे घेतो. समोरचा पुटपुटत बोलला तरी त्याला आपलेच कान गेलेले वाटतात. त्यात भर म्हणून आता हातातला मोबाइल रोज पहाटे साक्ष देतो की आकाश जागच्या जागी आहे. नातवाने लडाखहून पाठवलेले छायाचित्र, कोणा मित्राने पुढे ढकललेली जांभळ्या-सोनेरी रंगांची आकाशगंगा, वाळवंटावर पसरलेला ताऱ्यांचा सडा. छायाचित्रात एवढे दिसते आणि गच्चीवर गेल्यावर पाच-सहा ठिपके दिसतात. तेव्हा डोळेच गेले, असा निष्कर्ष काढणाऱ्याला दोष कसा द्यावा?

डोळ्यांचे जे खरोखर होते ते आधी सांगतो. तरुणपणी काळोखात डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत रुंदावते. ऐंशीच्या घरात ती ५ मिलिमीटरपर्यंतही पोहोचेलच असे नाही. आतले भिंग पिवळट आणि दाट होत जाते. परिणामी साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पडतो, असे नेत्रशास्त्र सांगते. अंधाराला सरावण्याचा वेगही मंदावतो. उजेडातून काळोखात गेल्यावर पहिली आठ-दहा मिनिटे रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी आपले काम करतात. त्यानंतर मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी हळूहळू जाग्या होतात आणि त्यांना पुरते जागे व्हायला अर्धा तास, क्वचित त्याहून अधिक वेळ लागतो. वृद्धांना आणखी थोडा. मोतीबिंदू पिकत असेल तर रस्त्यावरचा प्रत्येक दिवा फुलून डोळ्यांवर येतो. मधुमेहामुळे दृष्टिपटलावर लेझरचे उपचार झाले असतील तर रात्रीची नजर काही प्रमाणात कमी होते.

हे सगळे मान्य केले तरी हिशेब जुळत नाही. निरोगी डोळ्याच्या विशीतल्या मुलाला सीताबर्डीच्या एखाद्या गच्चीवर उभे करून पाहा. त्यालाही मूठभर ताऱ्यांपलीकडे काही दिसणार नाही. स्वच्छ काळोख्या आकाशात एका वेळी दोन-अडीच हजार तारे नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतात. फरक एवढाच, की त्या मुलाने ते कधी पाहिलेले नसल्यामुळे त्याची काही तक्रार नसते. तक्रार करतो तो ज्याने उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून रात्री काढल्या आहेत तो.

हे आकाश गेले कुठे, याचे एक चित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे, फक्त चुकीच्या नावाने. दर दिवाळीला भारताचे एक उपग्रहचित्र मोबाइलवर फिरते: काळ्या पार्श्वभूमीवर निळे, हिरवे, तांबडे, पांढरे दिवे लखलखत असतात आणि खाली लिहिलेले असते की दिवाळीच्या रात्री अवकाशातून भारत असा दिसतो. ते दिवाळीचे चित्र नाही. १९९२ ते २००३ या काळात भारतातील विजेचे दिवे कसकसे वाढत गेले, हे निरनिराळ्या रंगांनी दाखवण्यासाठी अमेरिकी शास्त्रज्ञांनी अनेक उपग्रहचित्रे एकत्र करून तो नकाशा तयार केला होता. पुढे नासाने १२ नोव्हेंबर २०१२ च्या, म्हणजे खऱ्याखुऱ्या दिवाळीतल्या रात्रीचे उपग्रहचित्र प्रसिद्ध केले. त्यात रोजच्यासारखेच पिवळट ठिपके आहेत, कारण पणत्यांचा जास्तीचा उजेड अवकाशातून जवळजवळ जाणवत नाही. तेव्हा ते रंगीबेरंगी चित्र पुन्हा आले तर पुसून टाकू नका. आपल्या चांदण्या कोणत्या दशकात कुठे बुजल्या, याचाच तो नकाशा आहे.

नागपूरकरांनी अलीकडच्या काळात एकदाच सगळ्यांनी मिळून वर पाहिले. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आकाशातून जळत्या रेघांचा एक ताफा सरकत गेला आणि काही मिनिटांत त्याची चित्रे घरोघरी पोहोचली. उल्का, क्षेपणास्त्र, विमान, अशा सर्व शक्यता सांगून झाल्या. पुढे चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची मोठी कडी सापडली, आणि तो चिनी रॉकेटचा वातावरणात परतणारा भाग असावा, असे तज्ज्ञांनी सांगितले. त्या संध्याकाळी माझे अनेक वृद्ध रुग्ण कित्येक वर्षांनी गच्चीवर गेले होते. दुसऱ्या दिवशी दोघांचे गुडघे दुखत होते; तक्रार मात्र एकाचीही नव्हती.

आता मी आपल्याला जिथे नेऊ इच्छितो तिकडे वळतो. रात्रीचे आकाश पाहायला लडाखमधील हान्ले येथे जावे, असे हल्ली सर्वत्र लिहिलेले आढळते. जागा अद्भुत आहे, यात शंका नाही; पण तिथली वेधशाळा ४,५०० मीटर उंचीवर आहे, आणि त्या उंचीवर प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के असतो. हृदयविकार, दमा किंवा रक्तक्षय असलेल्या वृद्धाला मी तिथे जाऊ देणार नाही. सुदैवाने आपल्याला एवढे लांब जायचे कारण उरलेले नाही. नागपूरहून सुमारे ७० किलोमीटरवर असलेल्या महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. आशियातील हे पाचवे. काळोख्या आकाशाच्या रक्षणासाठी १९८८ पासून काम करणारी डार्कस्काय इंटरनॅशनल ही अमेरिकेतील संस्था अशी मान्यता देते.

मान्यता मिळाली ती केवळ जंगल आहे म्हणून नव्हे. वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांची तोंडे जमिनीकडे करण्यात आली. वाघोली तलावाच्या परिसरात आकाशनिरीक्षणासाठी घुमट उभारून दुर्बीण बसवण्यात आली. यातली पहिली गोष्ट मला वैद्य म्हणून अधिक मोलाची वाटते. गावातले दिवे काढून टाकलेले नाहीत, हे लक्षात घ्या. उजेड पायाखाली पडतो, डोळ्यांत शिरत नाही. मोतीबिंदू असलेल्या माणसाला उघड्या एलईडी दिव्याच्या झगमगाटात समोरचा खड्डा दिसत नाही आणि तो पडतो. झाकलेल्या दिव्याखाली तोच माणूस नीट चालतो. वृद्धांच्या मांडीचे हाड मोडण्याच्या घटना मी इतक्या पाहिल्या आहेत, की आपल्या फाटकावरच्या दिव्यालाही अशी टोपी बसवा, हे मी औषधासारखे लिहून द्यायला तयार आहे.

गेल्या फेब्रुवारीच्या अखेरीस, अमावास्येच्या सुमारास, मी माझ्या वडिलांना घेऊन तिकडे गेलो. वय ८२, टपाल खात्यातली सगळी नोकरी पायी आणि सायकलवर झालेली, मधुमेह, दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया, हातात काठी. सोबत माझी पत्नी, बहीण आणि तिचा विशीतला मुलगा. जबलपूर महामार्गाने कन्हान, मनसर मागे टाकून पवनीपाशी डावीकडे वळले की सिल्लारी. मनसरवरून रामटेकचा गड दिसतो. कालिदासाने 'मेघदूत' लिहिताना हाच रामगिरी डोळ्यांसमोर ठेवला, अशी आपल्याकडची परंपरा. बाबांनी गाडीतूनच हात जोडले. आम्ही थांबलो नाही, कारण अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचणे हे माझ्या योजनेतले पहिले कलम होते. अनोळखी जागेतली न्हाणीघराची पायरी, पलंगाची उंची, दाराची कडी हे सर्व वृद्ध माणसाने दिवसाउजेडी एकदा पाहून घेतले पाहिजे.

जेवण साडेसातला उरकले. मधुमेहींच्या बाबतीत चांदण्यांसाठी जेवण लांबवणे मला मान्य नाही. मग दिवे मालवून आवारात खुर्च्या टाकल्या. आराम करता येईल अशा, पाठ मागे झुकणाऱ्या खुर्च्या हव्यात. उभे राहून मान मागे टाकणे हे मानेच्या मणक्यांची झीज झालेल्यांना चक्कर आणणारे असते, आणि काळोखात आलेली चक्कर अधिक धोक्याची. मफलर, कानटोपी, पायमोजे, मांडीवर शाल. विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद दुहेरी गुंडाळलेला होता. दंडपेशींना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही, त्यामुळे पायाखालचे दिसते आणि डोळ्यांचा सराव मोडत नाही. एवढे झाल्यावर मी सर्वांचे मोबाइल गोळा करून पत्नीच्या पिशवीत टाकले. पडद्याकडे एक कटाक्ष टाकला की वीस मिनिटांची कमाई जाते. भाच्याने यावर थोडी कुरकुर केली.

पहिली दहा मिनिटे बाबा गप्प होते. मग म्हणाले, "थोडे दिसून राहिले. पण तुझ्या फोटोतल्यासारखं नाही." हे ते म्हणणार हे मला ठाऊक होते आणि म्हणून आपल्यालाही ते आधीच सांगून ठेवतो. डोळा आणि कॅमेरा यांच्या कामाची रीतच वेगळी आहे. डोळा सेकंदाच्या एखाद्या दशांशाएवढ्या काळातला प्रकाश जमवतो आणि लगेच पुढचे चित्र घेतो. कॅमेरा वीस-तीस सेकंद झरोका उघडा ठेवून थेंबाथेंबाने प्रकाश साठवत राहतो. शिवाय मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशींना रंग कळत नाहीत. म्हणून छायाचित्रात जांभळी-गुलाबी दिसणारी आकाशगंगा डोळ्यांना राखेच्या फिकट पट्ट्यासारखी दिसते. छायाचित्रातले रंग बहुधा खोटे नसतात, पण ते वाढवलेले असतात आणि ते कोणाच्याही डोळ्यांना, कोणत्याही वयात, दिसणारे नसतात. वृद्धांना सोबत नेणाऱ्यांनी ही एक गोष्ट निघण्यापूर्वी समजावली नाही, तर तिथे पोहोचूनही 'डोळे गेले' हेच वाक्य ऐकावे लागेल.

वीस-पंचवीस मिनिटांनी बाबांनी काठी उचलून दक्षिणेकडे रोखली. मृग डोक्यावरून किंचित खाली. त्याच्या पोटात शिरलेला तिकांडी बाण. बाण सोडणारा तेजस्वी व्याध. आणि त्याच्याही खाली, झाडांच्या शेंड्यांपासून थोडा वर, अगस्त्य. नागपूरच्या अक्षांशावर अगस्त्य क्षितिजापासून फार वर कधीच चढत नाही. त्यामुळे शहरात तो इमारतींच्या मागेच उगवतो आणि मावळतो. त्याच दिशेला क्षितिजालगत एक मळकट उजेड होता. ते नागपूर.

नऊच्या सुमारास ईशान्येकडे सप्तर्षी वर येऊ लागले. त्या दिवसांत ते उभे दिसतात; चौकोन वर, शेपूट खाली. "हे पाय बाजंचं," बाबा भाच्याला सांगू लागले. "हे चार बाजंचे पाय. मागचे तीन चोर. सकाळी अंगणात बाज भिंतीला उभी करून ठेवत होतो ना आपण, तशी दिसून राहिली." भाच्याने बाज हे नाव ऐकले होते, वापरलेली बाज कधी पाहिली नव्हती. पुढची पंधरा मिनिटे आकाश बाजूला राहिले आणि सुंभ कसा ताणतात, ढेकूण कसे मारतात, यावर चर्चा झाली. मी घड्याळ पाहिले नाही.

पण खरा प्रसंग पहाटेचा. वय वाढले की झोपेचे चक्र पुढे सरकते. लवकर डोळा लागतो आणि चारला जाग येते. पुरुषांना प्रोस्टेटमुळे उठावेच लागते. या पहाटेच्या जागेपणाबद्दल माझ्याकडे गोळी मागणारे पुष्कळ आहेत, आणि दिवसा थकवा नसेल तर मी ती सहसा देत नाही. आता गंमत अशी, की छायाचित्रांत दिसणारा आकाशगंगेचा जो भरघोस, दाट भाग आहे, तो वृश्चिक आणि धनू राशींच्या दिशेला आहे आणि फेब्रुवारीत तो रात्री अडीचनंतर उगवतो. पहाटे साडेचारला तो आग्नेयेकडे चांगला वर आलेला असतो. म्हणजे ज्या वेळी तरुण मंडळी गाढ झोपलेली असतात, त्या वेळी उत्तम आकाश पाहण्याचा मान घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाकडे आपसूक येतो.

बाबा चारला उठले. पलंगाच्या काठावर दोन मिनिटे बसले, हे त्यांना शिकवलेले आहे. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे एकदम उठल्यावर रक्तदाब घसरतो. मी मोठा दिवा लावू दिला नाही. चौकीदाराला रात्रीच सांगून ठेवले होते. जंगलात पहाटे एकट्याने बाहेर पडायचे नाही, मग अंतर चार पावलांचे का असेना. खुर्ची दारासमोरच टाकली. डोळे रात्रभर काळोखातच होते, त्यामुळे थांबावे लागले नाही.

"ढग आला का रे?" त्यांनी विचारले.

"ढग नाही, बाबा. आकाशगंगा आहे."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. वृश्चिकाचा आकडा पुरता वर आला होता, त्याच्या छातीत तांबूस ज्येष्ठा, आणि नांगीपासून डावीकडे तो धुरकट पट्टा, मध्ये फाटलेला, झाडांमागे उतरत गेलेला. मग त्यांनी विचारले, "नागपुरातून कुठं गेलं होतं हे?" आणि थोड्या वेळाने, काहीशा रागाने, "मी त्या डोळ्यांच्या डॉक्टरला उगाच बोललो." शस्त्रक्रियेनंतरही तारे दिसत नाहीत म्हणून त्या बिचाऱ्या नेत्रतज्ज्ञाला त्यांनी वर्षभर ऐकवले होते.

सर्वांचाच अनुभव असा होईल, असे मी म्हणत नाही. उजेडातून अंधारात गेल्यावर नजर बसायला पूर्वीपेक्षा फारच वेळ लागू लागला असेल, तर दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या झिजेची ती सुरुवात असू शकते. तपासणी करून घ्यावी. आणि काळोखात बसले असता डोळ्यांच्या कडेला अचानक विजेसारखी चमक वारंवार दिसू लागली, काळे ठिपके किंवा जाळे तरंगू लागले, तर ती उल्का समजून आनंद मानू नका. दृष्टिपटल सुटत असण्याची ती खूण असू शकते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचे असते.

काळजीवाहकांसाठी थोडे व्यवहाराचे. नोव्हेंबर आणि फेब्रुवारी हे महिने वृद्धांना सोयीचे. डिसेंबर-जानेवारीच्या जंगलातल्या रात्री फार गार असतात आणि दम्याच्या रुग्णांना त्या सोसत नाहीत, एप्रिल-मेचा आपल्याकडचा उन्हाळा सांगायलाच नको, आणि पावसाळ्यात आकाशच नसते. अमावास्येच्या आगेमागे चार दिवस निवडावेत. मुक्काम आणि दुर्बिणीतून निरीक्षण यांची चौकशी वनविभागाकडे आधीच करावी. लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे, स्वतःच्या मनाने बंद करू नये. मोठ्या रुग्णालयासाठी नागपूरलाच परतावे लागेल हे गृहीत धरून औषधे दोन दिवसांची जास्त न्यावीत. बूट बंद असावेत, घालण्यापूर्वी झटकावेत.

छायाचित्र काढायचे ते शेवटी, पाहणे झाल्यावर. भाच्याला मोबाइल परत मिळाला तो रात्री साडेनऊला. हल्लीच्या साध्या मोबाइलमध्येही रात्रीच्या छायाचित्रणाची सोय असते. तो तिकाटण्यावर घट्ट बसवायचा, तीन सेकंदांचा अवधी लावून हात काढून घ्यायचा, फ्लॅश बंद ठेवायचा. त्याने घेतलेल्या तीसेक छायाचित्रांपैकी दोन उत्तम होती: एक मृगाचे आणि एक झाडांच्या काळ्या आकृतींवर उभ्या असलेल्या सप्तर्षींचे. बाकीची पाठवू नकोस, असे मी त्याला सांगितले. वृद्धांना एका वेळी एकच चित्र पाठवावे, आणि त्यासोबत चार वाक्ये स्वतःच्या आवाजात बोलून पाठवावीत: कुठून काढले, किती वाजता, कोणत्या दिशेचे, सोबत कोण होते. रात्री अकराला पाठवू नये. झोपेच्या वेळी डोळ्यांसमोर धरलेला उजळ पडदा झोप आणखी लांबवतो. नजर अधू असलेल्यांना मोबाइलपेक्षा टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर दाखवावे. जवळच पाहायचे असेल तर गांधीसागराजवळच्या रमण विज्ञान केंद्रातील तारांगण आहेच.

ज्यांना कुठेच नेता येत नाही, त्यांच्याविषयीही लिहिले पाहिजे. माझ्या एक रुग्ण आहेत, वय ८६, मांडीचे हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्या घरच्यांच्या परवानगीने हे लिहितो. मार्चमध्ये त्यांना तपासायला गेलो तेव्हा सहज ते सप्तर्षींचे चित्र मोबाइलवर दाखवले. त्यांनी बोटाने मोजले आणि चोर तीनच आहेत ना, याची खात्री करून घेतली. त्यांच्या सूनबाईंनी ते चित्र माझ्याकडून मागून घेतले, त्याची मोठी छापील प्रत काढून आणली आणि पलंगाच्या पायथ्याशी असलेल्या लोखंडी कपाटावर चार चुंबकांनी लावली. आजींना दिवसभर समोर तेच दिसते. त्यांना भेटायला येणाऱ्यांशी बोलायला एक विषय मिळाला. माझ्या मते हा त्या चित्राचा औषधापेक्षा अधिक उपयोग होता, कारण अंथरुणावरच्या माणसाशी काय बोलावे हे येणाऱ्यांना बहुधा कळत नाही आणि ते प्रकृतीविषयीच विचारत बसतात.

ऑगस्टच्या शेवटी पुन्हा गेलो. बाहेर झड लागली होती, आठवडाभर आकाश कोणालाच दिसले नव्हते. कपाटावरचे चित्र उलटे लावलेले होते. पेंचची झाडे वरून खाली लोंबत होती आणि तारे त्यांच्या खाली.

"वहिनी, हे उलटं लागलं का?" मी विचारले.

"नाही डॉक्टरसाहेब," त्या म्हणाल्या. "आईंनीच करायला लावलं. मे महिन्यात आडवं केलं होतं, आता असं. म्हणतात, श्रावण-भादव्यात संध्याकाळी बाज खाली जाते आणि चोर वर येतात."

आजी पलंगावरून माझ्याकडे पाहत होत्या. मी घरी येऊन पंचांग आणि नकाशा काढून पडताळले. सप्तर्षी ध्रुवाभोवती फिरतात; फेब्रुवारीत ईशान्येला शेपूट खाली करून उभे असलेले तेच सात तारे ऑगस्टअखेरीस त्याच वेळी वायव्येला शेपूट वर करून मावळत असतात. त्यांचे बरोबर होते.